मेंदूला न विचारता
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दोनच अटी घातल्या आहेत. औषधांची नावं घ्यायची नाहीत आणि जेवणाची पानं मांडायच्या आत संपवायचं. पहिली अट मी एकदाच मोडणार आहे, तेही सांगून. दुसरी मोडायची माझी हिंमत नाही.

आज या मांडवात बसलेले आपण बहुतेक जण साठीच्या अलीकडे-पलीकडे आहोत. सकाळपासून मी कान देऊन ऐकते आहे. पहिल्या चहाला सगळे नातवंडांवर बोलत होते, दुसऱ्या चहाला कंबर, गुडघे आणि साखरेवर आले. हातापायाला मुंग्या येतात हे मला आत्तापर्यंत सात जणांनी कोपऱ्यात घेऊन सांगितलं आहे. तेव्हा विषय मी निवडला असला तरी तुम्हीच तो सकाळपासून चालवता आहात: पाठीच्या कण्यातली दोरी आणि तिच्यातून अंगभर गेलेल्या नसा.

आणखी एक कारण आहे. आपला एक मित्र पुढच्या रांगेत व्हीलचेअरवर बसला आहे. नाव घेत नाही, सगळ्यांना माहीत आहे. तुझ्याबद्दल बोलले तर चालेल का, असं मी त्याला परवा फोनवर विचारलं. तो म्हणाला, "बोल. फक्त बिचारा म्हणू नकोस. आणि नीट समजावून सांग, मलाही आजवर कोणी धड सांगितलेलं नाही." म्हणून हे भाषण आधी त्याच्यासाठी आहे. बाकीच्यांनी ऐकावं.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि चेतातंतूंच्या जुडीलाही नसच म्हणतो. "शीर दबली", "नस चढली" म्हणताना नेमकं काय दबलं याचा पत्ता नसतो. आज मी नस म्हणेन ती रक्ताची पोकळ नळी नव्हे. ती हजारो बारीक तंतूंची जुडी आहे, आणि तिच्यातून रक्त नाही, निरोप जातो. पाठीतल्या दोरीला आपल्या वेळी मज्जारज्जू म्हणत, नातवंडांच्या पुस्तकात मेरुरज्जू आहे. वस्तू तीच.

ही दोरी जाडीला साधारण करंगळीएवढी, लांबीला सुमारे ४५ सेंटीमीटर आणि वजनाला ३५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका लिंबाएवढी. मानेखालच्या सगळ्या शरीराचा जवळजवळ सगळा व्यवहार एवढ्यातून चालतो. तिच्यातून दोन्ही बाजूंना नसांच्या ३१ जोड्या निघतात. प्रत्येक नसेला दोन मुळं असतात. मागच्या मुळातून बातमी आत येते, पुढच्या मुळातून हुकूम बाहेर जातो. येणारी आणि जाणारी वाट वेगळी आहे हे फ्रान्समधल्या माझांदी यांनी १८२२ साली प्रयोगाने दाखवलं. म्हणून एखाद्याचा हात बधिर असतो पण हलतो, आणि दुसऱ्याला स्पर्श नीट कळतो पण हात उचलत नाही.

लहानपणी दोरीपेक्षा कण्याची वाढ जास्त होते. दोरी मागे राहते. मोठ्या माणसात ती कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते आणि तिथून खाली नसुत्या नसांचा झुपका लोंबतो. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याला घोड्याची शेपूट असं नाव दिलं, ते आजही चालतं. सिझेरियनच्या वेळी ज्यांना पाठीत सुई टोचली होती त्यांच्यासाठी सांगते, ती सुई दोरीच्या खाली, या शेपटीच्या भागात जाते. नसा पाण्यात तरंगणाऱ्या दोऱ्यांसारख्या बाजूला सरकतात. तेव्हापासून कंबर दुखते असं ज्या मैत्रिणी तीस वर्षं सांगत आल्या आहेत, त्यांची कंबर दुखते हे खरं आहे, पण दोष त्या सुईचा नाही. त्यानंतर उचललेल्या बादल्या आणि कडेवरची पोरं यांचा हिशोब आधी करा.

आता हातोडी. (इथे एका मित्राला टेबलावर पाय लोंबते सोडून बसवलं.) गुडघ्याच्या वाटीखाली जो पट्टा लागतो त्यावर मी ठोकते. पाय हलला नाही. घाबरू नका. आता दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकव आणि जोरात ओढ. बघा! (हशा.) त्याचं लक्ष आणि जोर हातात गेला आणि पाय उडाला. डॉक्टरांची ही जुनी युक्ती आहे.

यात झालं काय? पट्टा दाबला गेला, मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला, ताणाची बातमी दोरीत गेली आणि एकाच सांध्यावरून दुसऱ्या पेशीकडे हुकूम झाला की आखड. ठोक्यापासून स्नायू जागा होईपर्यंत सेकंदाचा पन्नासावा भाग गेला. डोळ्यांनी काही पाहून विचाराने हात हलवायचा तर याच्या दहापट वेळ लागतो. मेंदूला कळतं, पण नंतर. आणि दोरी तेवढ्यावर थांबत नाही. मांडीच्या मागचा स्नायू उलट्या बाजूने ओढू नये म्हणून त्याला त्याच क्षणी "तू ढिला राहा" असंही कळवते. हे दुहेरी कारभाराचं सूत्र इंग्लंडच्या शेरिंग्टन यांनी उलगडलं. त्यांना १९३२ साली नोबेल मिळालं.

गुडघ्याचा हा झटका १८७५ साली जर्मनीत एर्ब आणि वेस्टफाल या दोघांनी वेगवेगळा नोंदवला, तेव्हापासून डॉक्टरांच्या खिशात हातोडी आली. पण देवाने किंवा उत्क्रांतीने ही सोय डॉक्टरांसाठी केलेली नाही. तुम्ही उभे असता तेव्हा गुडघा जरासा वाकायला लागला की मांडीचा स्नायू ताणतो आणि आपोआप आखडून तुम्हाला सावरतो. अंधारात जिन्याची शेवटची पायरी चुकते तेव्हा तुमच्या बुद्धीला काही सुचायच्या आत पाय काम करून मोकळा झालेला असतो.

काटा रुतला तर मामला याहून मोठा. शाळेच्या वाटेवरच्या बाभळी तुम्हाला आठवत असतील. उजव्या पायात काटा गेला की तो पाय वर उचलला जातो, यासाठी नडगी, गुडघा, खुबा सगळीकडचे स्नायू एकत्र कामाला लागतात. पण एक पाय उचलला तर माणूस पडेल. म्हणून दोरीतूनच पलीकडच्या बाजूला निरोप जातो आणि डावा पाय ताठ होतो. एवढी सगळी आखणी, अंगाचा तोल सांभाळून, पाठीतच होते. डोकं काढलेल्या बेडकाच्या अंगावर आम्लात भिजवलेला कागदाचा कपटा ठेवला तर तो मागच्या पायाने नेमका तो कपटा पुसून टाकतो. प्रयोग क्रूर आहे, पण दोरी म्हणजे नुसती तार आहे ही समजूत त्याने कायमची घालवली.

मग दुखतं कधी? उंबऱ्याला पायाचं बोट आपटल्यावर काय होतं ते आठवा. आधी टचकन टोचतं, मग क्षणभर काहीच नाही, आणि आता येणार, आता येणार म्हणेपर्यंत खरी कळ येते. स्पर्शाची बातमी जाड, वेष्टण असलेल्या तंतूंतून सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास धावते. टोचणीची त्याहून हळू. आणि ठणक्याची बातमी बिनवेष्टणाच्या बारीक तंतूंतून सेकंदाला एखादा मीटर, म्हणजे आपण चालतो त्या वेगाने येते. पायापासून पाठीपर्यंत एक मीटर अंतर धरलं तर मधला तो क्षण कुठून येतो ते कळेल.

आता मेंदूचा वाटा. हातात उकळत्या आमटीचं पातेलं आहे, फडकं सरकलं, बोट भाजतंय, आणि पायाशी नातू रांगतोय. आजी पातेलं टाकत नाही. ओट्यावर नेऊन ठेवते आणि मग ओरडते. हात सोड हा दोरीचा हुकूम होता, मेंदूने तो वरून दाबून धरला. मेंदूचं बरंचसं काम असंच आहे, दोरीला आवर घालण्याचं. हे लक्षात ठेवा, कारण आता आपल्या मित्राकडे येते.

तो मे महिन्यात आंबे उतरवताना झाडावरून पडला. छातीच्या खालच्या भागातला मणका मोडला आणि दोरी तिथे दुखावली. त्या क्षणापासून त्याचे पाय लोळागोळा झाले. गुडघ्यावर ठोकलं तरी काही नाही. इथे कोणालाही प्रश्न पडेल. गुडघ्याचं चक्र तर दुखापतीच्या खूप खाली, ते शाबूत आहे. मग तेही बंद का? वरचा संबंध अचानक तुटला की खालची दोरी काही काळ सुन्न पडते. घरातला कर्ता माणूस गेल्यावर घर काही दिवस बसून राहतं तशी. काही दिवसांनी, काही आठवड्यांनी ती जागी होते. पण आता आवर घालणारा वर कोणी नाही. म्हणून ती जास्तच जोरात वागते. चादर घासली तरी पाय उडतो.

त्याच्या घरी एका सकाळी तसंच झालं. वहिनींनी पांघरूण ओढलं आणि पाय गुडघ्यात वाकला. घरात रडारड, हसू, देवापुढे साखर, शेजाऱ्यांना पेढे. मला फोन आला तो पेढ्यांनंतर. पाय हलला होता, त्याने हलवलेला नव्हता, हे मला त्यांना सांगावं लागलं. माझ्या धंद्यात याहून अवघड वाक्य नाही. तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी वेळ आली तर डॉक्टरांना एकच विचारा: "सांगितल्यावर हलतो का?" डोळे मिटून, अंगठा वर कर म्हटल्यावर अंगठा वर झाला तर ती वरून आलेली हालचाल. तेव्हा पेढे वाटा, मलाही पाठवा.

मित्रा, तू विचारलं होतंस की हात कापला गेलेल्या माणसाची नस जोडली की वाढते, मग माझी दोरी का वाढत नाही. हातापायातली नस खरंच वाढते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. तिचं वेष्टण बनवणाऱ्या पेशी तुटलेल्या तंतूला वाट करून देतात. दंडात तुटलेली नस बोटांपर्यंत पोचायला वर्षाहून अधिक काळ लागतो, पण पोचू शकते. दोरीतलं वेष्टण दुसऱ्याच पेशी बनवतात. तिथे इजा झाली की वण तयार होतो आणि वेष्टणातलीच काही द्रव्यं नव्या वाढीला अडवतात. जगभर त्यावर काम चालू आहे. दोरी पूर्ववत जोडून देतो असं सांगून आज पैसे मागणाऱ्यापासून मात्र लांब राहा.

आणि तुझे पाय एखाद्या आठवड्यात नेहमीपेक्षा जास्त उडायला लागले तर आधी लघवी तपासून घे, आणि पाठीवर, माकडहाडावर जखम झाली आहे का ते आरशात बघायला सांग. तुला दुखत नाही, पण दोरीला कळतं. पाय उडणं हीच तिची तक्रार.

एक गोष्ट मला बाकीच्यांना सांगायची आहे. तो पडल्यावर चौघांनी हातपाय धरून त्याला उचललं आणि जीपच्या मागच्या सीटवर दुमडून घातलं. प्रेमाने, घाईने. दोरी पडताना गेली की उचलताना, हे कोणीही सांगू शकत नाही, आणि त्या चौघांनी ते मनाला लावून घेऊ नये. पण यापुढे झाडावरून, गच्चीवरून, मोटरसायकलवरून कोणी पडलं, मान किंवा पाठ दुखते म्हणाला, किंवा पाय हलत नाहीत म्हणाला, तर त्याला बसवू नका, पाणी पाजायला मान उचलू नका. डोकं दोन्ही हातांनी आहे तसं स्थिर धरा आणि १०८ ला फोन करा. हलवणं भागच असेल, आग आहे, रस्ता आहे, तर दरवाजाची फळी आणा आणि डोकं, मान, कंबर एका रेषेत ठेवून चार-पाच जणांनी एकदम ओंडक्यासारखं वळवून फळीवर घ्या. मानेच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या नसेतून श्वासाच्या पडद्याला हुकूम जातो. तिथे आणखी इजा झाली तर श्वासच थांबतो.

आता दोरीतून बाहेर, नसांकडे. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गियाँ-बारे या आजाराचे रुग्ण एकदम वाढले तेव्हा तुम्ही सगळ्यांनी मला फोन केले होते. दूषित पाण्यातून पोटात जंतू जातात. त्यांच्याशी लढायला शरीर जी शस्त्रं बनवतं ती चुकून स्वतःच्याच नसांवर चालतात. पाय लुळे पडतात, मग हात, कधी श्वास. इथेही गुडघ्याचा झटका जातो, पण कारण वेगळं: इथे चक्राची तारच बिघडलेली असते. आणि ती दोरीबाहेरची असल्यामुळे बहुतेकांना पुन्हा चालता येतं.

याहून कितीतरी जास्त माणसांच्या नसा मात्र गाजावाजा न होता जातात. साखरेने. लांबीला सर्वांत मोठ्या नसा आधी जातात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून, मोजा घातल्यासारखी. आधी मुंग्या, रात्री जळजळ. मग एक दिवस जळजळ थांबते आणि माणूस म्हणतो, बरं वाटतंय. ते बरं वाटणं नव्हे. बातमी देणारा गेला.

बातमी देणारा गेल्यावर काय होतं हे आपल्या देशाने कुष्ठरोगात पाहिलं आहे. आनंदवनाला आपली सहल गेली होती तेव्हा झडलेली बोटं पाहून आपण गप्प झालो होतो. बोटं रोगाने सडतात असंच सगळे धरून चालत. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी लक्ष ठेवून पाहिलं. बोटं सडत नव्हती. नसा मेल्यामुळे रुग्णाला गरम भांडं कळत नव्हतं, खिळा कळत नव्हता, रात्री झोपेत उंदीर बोटं कुरतडून जात तेही कळत नव्हतं. त्यांनी रुग्णांना मांजरं पाळायला दिली. उपचार म्हणून मला हा फार आवडतो.

साखर असलेल्यांना मी तेच सांगते, मांजर सोडून. रोज रात्री तळपाय बघा, वाकता येत नसेल तर आरसा ठेवा किंवा सूनबाईला, नवऱ्याला बघायला सांगा. चप्पल-बुटात पाय घालण्याआधी हात घालून खडा आहे का बघा. गरम पाण्याची पिशवी पायाला लावू नका, पाणी कोपराने तपासा. आणि चैत्र-वैशाखात दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नका. तळव्याला फोड येतात आणि घरी येईपर्यंत कळत नाही. वारीला अनवाणी जायचा ज्यांचा नेम आहे त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण पायाला बातमी कळत असेल तोवरच तो नेम पाळा.

आता ती मोडायची अट. साखरेसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं आणि शुद्ध शाकाहारी लोकांचं बी-१२ कमी पडतं. त्याने नसाही बिघडतात आणि दोरीचा मागचा भागही, जिथून पाय कुठे आहे ही बातमी वर जाते. सकाळी बेसिनशी तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जातो, अंधारात चालता येत नाही, ही त्याची खूण. याला आपण वय झालं म्हणतो. रक्त तपासा. वेळेत कळलं तर इंजेक्शनांनी भरून निघतं, उशीर झाला तर पूर्ण भरत नाही.

कंबरेत उसण भरली, पायात कळ गेली तर बहुतेक वेळा काही आठवड्यांत ती शमते, ऑपरेशनची घाई नको. पण कंबरदुखीबरोबर लघवी अडली, किंवा बसायच्या जागेला, सायकलच्या सीटला जो भाग टेकतो तो बधिर झाला, किंवा दोन्ही पायांतली ताकद गेली, तर मालीशवाल्याकडे जायचं नाही, सोमवारची वाटही बघायची नाही. ती घोड्याची शेपूट दबली आहे. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात.

पानं मांडायला घेतलेली दिसतात. मी हातोडी आणि एक नादकाटा आणला आहे, आपल्या प्रयोगशाळेत होता तसाच, फक्त १२८ कंपनांचा. तो अंगठ्याच्या हाडावर टेकवला की थरथर कळते का, एवढंच बघायचं आहे. एकाला अर्धा मिनिट लागतं. जेवण झालं की मांडवाच्या उजव्या बाजूच्या बाकावर चप्पल काढून रांगेत बसा, साखरवाले पुढे. बाई, तुमच्यापासून सुरुवात करू. तुम्हाला उठायचं कारण नाही, मीच खाली बसते.